वडिलांच्या नावावरचे साखर पेठेतील घर विकायचे आहे. न्यायालयाकडून पालकत्व घ्यावेच लागते का?

कांडीवाला (मूळ धागा)

नमस्कार. आमचे सोलापुरात साखर पेठेत जुने घर आहे. पुढे यंत्रमागाचे शेड, मागे तीन खोल्या आणि वर पत्र्याची एक खोली, अशी या भागातील पद्मशाली (तेलुगू विणकर समाजाच्या) घरांची नेहमीची मांडणी. ही जागा वडिलांनी आणि आईने १९८४ साली दोघांच्या नावाने खरेदीखत करून घेतली. म्हणजे ती वडिलोपार्जित नाही. चार मागांच्या कमाईतून आणि आईने वळलेल्या विड्यांच्या मजुरीतून ती उभी राहिली. माग दहा वर्षांपूर्वी भंगारात गेले आणि तेव्हापासून शेड रिकामेच आहे.

वडील ८१ वर्षांचे आहेत. दोन वर्षांपूर्वी त्यांना पक्षाघाताचा झटका आला आणि त्यानंतर स्मृती उतरतच गेली. डॉक्टरांनी कागदावर डिमेन्शिया असे लिहून दिले आहे. त्यांची मराठी आता जवळजवळ गेली आहे आणि लहानपणीची तेलुगू तेवढी उरली आहे. कोणते साल आहे, असे विचारले तर ते मागाच्या दुरुस्तीविषयी काहीतरी सांगतात. अंगावरच्या चादरीचा काठ अंगठा आणि तर्जनी यांच्यात धरून तासन्तास चोळत बसतात आणि मधूनच ताणा सैल पडल्याची तक्रार करतात. आई ७६ वर्षांची आहे. गुडघ्यांमुळे तिला जिना चढता येत नाही आणि ऐकूही कमी येते, पण व्यवहारात ती माझ्यापेक्षा पक्की आहे.

दिवसाची मावशी, रात्रीचा ब्रदर (पुरुष परिचारक), औषधे आणि फिजिओथेरपी मिळून महिन्याला सुमारे ३८,००० रुपये लागतात. स्वतःचे माग चालवणाऱ्याला पेन्शन कुठली असणार? मी एमआयडीसीत नोकरी करतो, ताई पुण्यात असते. दोघांची शिल्लक गेल्या दिवाळीपर्यंत पुरली. म्हणून घर विकून दोघांना जुळे सोलापुरात माझ्या घराजवळ तळमजल्यावरच्या भाड्याच्या घरात आणावे, असे ठरवले आहे. ६२ लाखांचे गिऱ्हाईकही मिळाले आहे.

अडचण अशी की, एजंट म्हणतो, "वडिलांना रिक्षात घालून आणा, अंगठा घेऊ, पाच मिनिटांचे काम आहे." ते जमत नसेल तर वडिलांनी २०१९ साली, म्हणजे झटक्याच्या कितीतरी आधी, माझ्या नावाने नोंदवलेले मुखत्यारपत्र (पॉवर ऑफ ॲटर्नी) आहे, त्यावर मीच सही करावी, असा त्याचा दुसरा उपाय आहे. गिऱ्हाइकाच्या वकिलांनी मात्र वडिलांच्या आजारपणाचे कळताच दोन्ही गोष्टींना नकार दिला आणि न्यायालयाचा आदेश आणा, असे सांगितले. कोणते न्यायालय, किती काळ, आणि हे सगळे खरोखरच आवश्यक आहे का, हे अनुभवी मंडळींनी कृपया सांगावे.

सातरस्ता

साहेब, कायद्याचे मला फारसे कळत नाही, पण आमच्या मामांच्या वेळी मुखत्यारपत्रावरच व्यवहार झाला होता आणि आजतागायत कोणी काही विचारलेले नाही. न्यायालयात गेलात की वर्ष गेलेच म्हणून समजा; तोवर गिऱ्हाईक थांबणार नाही. भावाबहिणीत एकमत असेल तर तक्रार करायला राहतेच कोण?

कोर्टाची_पायरी

सातरस्ता यांनी विचारलेल्या प्रश्नाचे उत्तर आधी देतो, कारण बहुतेक घरांत नेमका हाच प्रश्न विचारला जातो. तक्रार आज कोणी करणार नाही. ती आठ-दहा वर्षांनी होते, जेव्हा विकत घेणारा तीच जागा पुढे विकायला काढतो आणि त्याच्या गिऱ्हाइकाचा वकील मागची कागदपत्रे चाळताना विचारतो की दस्त झाला त्या वर्षी विकणाऱ्याची प्रकृती कशी होती. औषधांच्या चिठ्ठ्या आणि दवाखान्याचे कागद तेव्हाही शिल्लक असतात. मी या जिल्ह्यात बरीच वर्षे वकिली करतो आणि अशी प्रकरणे पाहिली आहेत. त्यांत भरडला जातो तो विकणाराही आणि घेणाराही.

आता मुखत्यारपत्र. भारतीय करार अधिनियम, १८७२ मधील कलम २०१ नुसार मुखत्यारपत्र देणाऱ्याचे मन ठिकाणावर राहिले नाही की मुखत्यारी आपोआप संपते. काही देशांत मुखत्यारपत्र लिहून देणारा पुढे भानावर राहिला नाही तरी ते चालू ठेवता येते. आपल्याकडे तशी सोय नाही. त्यामुळे २०१९ चे आपले मुखत्यारपत्र कपाटात कितीही नीट ठेवलेले असले, तरी वडिलांना व्यवहार कळेनासा झाला त्या दिवशी ते निष्प्राण झाले. हे ठाऊक असूनही त्यावर सही केलीत, तर विक्री तर पोकळ ठरेलच, शिवाय आपल्यावर फौजदारी तक्रारही होऊ शकते.

अंगठ्याची वाट याहून वाईट आहे. नोंदणी अधिनियम, १९०८ मधील कलम ३५ प्रमाणे दस्त करून देणारी व्यक्ती अज्ञान (अल्पवयीन) किंवा वेडसर दिसत असेल तर दुय्यम निबंधकाने, म्हणजे दस्त नोंदवणाऱ्या अधिकाऱ्याने, नोंदणी नाकारायची असते. घाईत एखाद्याच्या ते लक्षात आले नाही आणि नोंदणी झाली, तरी करार समजण्याची शक्ती नसलेल्या माणसाचा करार मुळातच शून्य असतो. शिक्क्याने त्यात जीव येत नाही. करार अधिनियमातील कलम १२ मध्ये असेही आहे की ज्याचे मन बहुधा ठिकाणावर नसते, पण मधूनमधून असते, तो माणूस त्या शुद्धीच्या काळात करार करू शकतो. काही लोक यावर विसंबून 'आज सकाळी बाबा बरे बोलत होते' असे म्हणत दस्त करतात. त्या सकाळचा पुरावा पुढे आपल्यालाच द्यावा लागतो. वडिलांच्या वर्णनावरून मला तरी तो मार्ग आपल्यासाठी उरलेला दिसत नाही.

मग जायचे कुठे? येथे आपला कायदा खरोखर अपुरा आहे. पालक व पाल्य अधिनियम, १८९० हा अज्ञान मुलांसाठी आहे. १९८७ च्या मानसिक आरोग्य कायद्यात जिल्हा न्यायालयाने मिळकतीसाठी व्यवस्थापक नेमण्याची तरतूद होती, पण त्याच्या जागी आलेल्या २०१७ च्या कायद्यात ती नाही. त्यातील नामनिर्देशित प्रतिनिधी उपचारांपुरता असतो, त्याला घर विकता येत नाही. १९९९ च्या राष्ट्रीय न्यास कायद्याखाली जिल्हाधिकाऱ्यांची स्थानिक स्तर समिती पालक नेमते, पण तो कायदा स्वमग्नता, सेरेब्रल पाल्सी, मतिमंदत्व आणि बहुविकलांगता यांपुरताच आहे. म्हातारपणीच्या डिमेन्शियासाठी तेथे खेटे घालून चपला झिजवू नयेत. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ मधील कलम १४ खाली जिल्हा न्यायालय मर्यादित पालक नेमू शकते. मात्र त्या पालकत्वाची कल्पनाच दोघांनी मिळून निर्णय घेण्याची आहे, आणि जेथे समोरची व्यक्ती काहीच सांगू शकत नाही तेथे घेणाऱ्याचे वकील आणि बँका अशा आदेशावर विक्री स्वीकारायला कचरतात.

म्हणून अशा प्रकरणांत संविधानातील अनुच्छेद २२६ खाली उच्च न्यायालयात रिट याचिका करण्याची पद्धत पडली आहे. ज्याला कोणी वाली नाही त्याचे पालकपण शेवटी राज्यव्यवस्थेकडे येते, या तत्त्वावर उच्च न्यायालय पालक नेमते. केरळ उच्च न्यायालयाने २०१९ मध्ये कोमातील रुग्णांबाबत या संदर्भात तपशीलवार मार्गदर्शक सूचना दिल्या आणि मुंबई उच्च न्यायालयानेही असे आदेश दिलेले आहेत. सोलापूरकरांच्या दृष्टीने चांगली गोष्ट अशी की १८ ऑगस्ट २०२५ पासून कोल्हापूरला मुंबई उच्च न्यायालयाचे सर्किट बेंच (मुंबईबाहेर बसणारे पीठ) सुरू झाले आहे आणि सोलापूर जिल्हा त्याच्या कक्षेत येतो. पूर्वी यासाठी मुंबईला जावे लागे. आता मंगळवेढा, सांगोला, मिरज करत एका दिवसात तारीख करून परत येता येते.

याचिकेत वडिलांच्या सगळ्या मिळकतीची यादी, आजाराची कागदपत्रे, खर्चाचा तपशील आणि सर्व वारसांची संमतीची प्रतिज्ञापत्रे जोडावीत. न्यायालय साधारणपणे सरकारी रुग्णालयाच्या वैद्यकीय मंडळाकडून तपासणी करून घेते आणि महसूल अधिकाऱ्यांकडून घरची परिस्थिती जाणून घेते. एक गोष्ट आजच सांगून ठेवतो: पालकत्व आणि विक्रीची परवानगी या दोन वेगळ्या मागण्या आहेत. पुष्कळ जण पहिलीच मागतात आणि घर विकायच्या वेळी पुन्हा दाराशी येतात.

आईच्या अर्ध्या हिश्शासाठी यातले काहीही लागत नाही. त्या स्वतः सही करतील. जिना चढता येत नसेल तर दुय्यम निबंधक घरी येऊन दस्त नोंदवू शकतात. तशी तरतूद कायद्यातच आहे.

कांडीवाला

इतक्या सविस्तर उत्तराबद्दल मनापासून आभार. मुखत्यारपत्र नोंदवलेले आहे म्हणजे काम झाले, असेच मी सहा वर्षे समजत होतो. एक शंका आहे. वैद्यकीय मंडळाने मराठीत प्रश्न विचारले तर वडील काहीच बोलणार नाहीत, आणि तेलुगूत विचारले तर कदाचित थोडेफार बोलतील. त्यामुळे निष्कर्ष बदलेल का?

कोर्टाची_पायरी

बदलो अथवा न बदलो, तपासणी त्यांना कळणाऱ्या भाषेतच झाली पाहिजे, असा विनंती अर्ज जरूर द्या. भाषा न कळल्यामुळे गप्प राहिलेल्या माणसाला असमर्थ ठरवणे हा अन्याय आहे, आणि पुढे कोणी आदेशाला आव्हान दिले तर हीच फट आधी दिसेल. सोलापुरात तेलुगू जाणणारा माणूस सापडत नाही असे कोणी म्हणू शकणार नाही.

विजापूर_रोड

मी दुसऱ्या बाजूची आहे, म्हणून लिहीत आहे. माझ्या आईसाठी भावाने असेच पालकत्व घेतले होते. मी संमतीपत्रावर विश्वासाने सही केली. घर विकले गेले, आई भावाकडे राहिली आणि मी दर महिन्याला जाऊन भेटत होते. दीड वर्षाने आईच्या दातांच्या कवळीचा खर्च निघाला तेव्हा भाऊ म्हणाला, निम्मे तू दे. मला आश्चर्य वाटले, कारण घराचे पैसे आईच्या नावावर ठेवीत असतील अशीच माझी समजूत होती. मी आदेशाची प्रमाणित प्रत काढली. त्यात दर सहा महिन्यांनी हिशेब सादर करावा असे स्पष्ट लिहिलेले होते आणि एकदाही हिशेब दिलेला नव्हता. पैसे भावाच्या गृहकर्जात गेले होते. तो चोर आहे असे मी म्हणत नाही. 'आई माझ्याच घरात राहते, मग माझे घर म्हणजे आईचेच घर' असे त्याने स्वतःला पटवून दिले होते, आणि असे पटवून घेणे किती सोपे असते ते मी जवळून पाहिले आहे.

आणखी एक गोष्ट मला फार उशिरा कळली. आईने आजारी पडण्यापूर्वी नोंदणीकृत मृत्युपत्र केले होते आणि त्यात ते घर मला लिहिलेले होते. मृत्युपत्रात नेमकी जी वस्तू दिलेली असते ती मृत्यूच्या वेळी उरलीच नसेल तर ती देणगी विरून जाते. म्हणजे पालक म्हणून सही करताना माझ्या भावाने, कळत किंवा नकळत, आईचे मृत्युपत्रही पुसून टाकले. कांडीवाला, आपल्या वडिलांचे मृत्युपत्र आहे का ते आधी शोधा, असल्यास न्यायालयापुढे ठेवा, आणि ताईंना केवळ सही मागू नका, कागद वाचायला द्या.

कांडीवाला

मृत्युपत्र आहे, असे आईने आज संध्याकाळी सांगितले. लोखंडी पेटीत, खरेदीखताच्या खाली होते. घर आम्हा दोघांना सारखे वाटून दिलेले आहे, त्यामुळे वाद नाही, पण आपण लिहिले नसते तर मी विचारलेही नसते.

लष्करकर

मला विक्री करणे हीच घाई वाटते. शेड गोदामाला भाड्याने द्या, मागे आईवडील राहू द्या. अशा आजाराच्या माणसाला जागेवरून हलवले की तो जास्त गोंधळतो, हे माझ्या सासऱ्यांच्या बाबतीत अनुभवले आहे.

कांडीवाला

हा विचार केला होता. शेडचे भाडे महिन्याला ९,००० रुपयांच्या वर कोणी सांगत नाही आणि ब्रदर रात्रीचा पेठेत यायला तयार नसतो. बँकेत रिव्हर्स मॉर्गेजचीही (घर तारण ठेवून दरमहा पैसे मिळण्याची योजना) चौकशी केली, पण त्या कागदांवरही वडिलांची सही लागते. म्हणजे गाडी पुन्हा त्याच फाटकापाशी येऊन थांबते.

कोर्टाची_पायरी

लष्करकरांचा प्रश्न न्यायालयही विचारेल, म्हणून ही उत्तरे याचिकेत लिहून ठेवा. विकण्याखेरीज काय काय करून पाहिले, हे दाखवणे विक्रीच्या किमतीइतकेच महत्त्वाचे असते.

आकडेमोड

कराविषयी कोणी लिहिले नाही म्हणून थोडे लिहितो. घर दोघांच्या नावावर असल्याने भांडवली नफा दोघांच्या विवरणपत्रांत निम्मा-निम्मा जाईल. वडिलांचे विवरणपत्र पालक म्हणून आपण भराल. खरेदी १९८४ ची असल्याने मूळ खरेदी किमतीऐवजी १ एप्रिल २००१ रोजीची वाजवी किंमत धरता येते, मात्र ती त्या तारखेच्या मुद्रांक शुल्काच्या मूल्यापेक्षा जास्त धरता येत नाही. २३ जुलै २०२४ पासून दर १२.५ टक्के झाला आणि महागाई निर्देशांकाचा (खरेदी किंमत महागाईनुसार वाढवून धरण्याचा) लाभ गेला, पण त्या तारखेपूर्वी घेतलेल्या घरांसाठी निवासी व्यक्तीला जुन्या पद्धतीने, म्हणजे निर्देशांक लावून २० टक्क्यांनी, कर काढून जो कमी येईल तो भरता येतो.

२००१ च्या किमतीला किती महत्त्व आहे ते पाहा. ती सहा लाख निघाली, तर निर्देशांकाविना नफा ५६ लाख आणि कर सात लाख. २०२५-२६ चा ३७६ हा निर्देशांक लावला तर नफा ३९.४४ लाख आणि कर सुमारे ७.८९ लाख. येथे नवी पद्धत स्वस्त पडते. तीच किंमत दहा लाख निघाली तर नव्या पद्धतीने साडेसहा लाख आणि जुन्या पद्धतीने ४.८८ लाख. उपकर दोन्हीकडे याखेरीज. म्हणून नोंदणीकृत मूल्यांककाची फी वाचवू नका. शिवाय दोघांना दुसरे उत्पन्न नसल्याने करमुक्त मर्यादेचा न वापरलेला भाग या नफ्यातून वजा होईल. व्यवहार ५० लाखांच्या वर असल्याने खरेदीदार एक टक्का कापून घेईल. वडिलांचे पॅन आधारशी जोडलेले नसेल तर हीच कपात २० टक्क्यांवर जाते, तेव्हा ते आजच तपासा.

कर वाचवण्यासाठी दुसरे घर घ्या किंवा रोख्यांत पैसे गुंतवा, असा सल्ला आपल्याला नक्की मिळेल. रोख्यांत पैसे पाच वर्षे अडकतात. ८१ वर्षांच्या माणसाला महिन्याला ३८,००० लागत असताना कर वाचवून पैसे बांधून ठेवणे मला शहाणपणाचे वाटत नाही. कर भरा आणि पैसा हाताशी ठेवा, हे मी माझ्या धंद्याविरुद्ध बोलत आहे.

कांडीवाला

सात महिन्यांनी पुन्हा लिहीत आहे, कारण येथील उत्तरांवरच सगळे काम झाले.

पहिले गिऱ्हाईक गेले. आदेशापूर्वी इसार घ्यायचा नाही असे वकिलांनी बजावले होते, त्यामुळे ते गेल्यावर निदान पैसे परत करण्याची वेळ आली नाही. याचिका कोल्हापूरला दाखल केली आणि चार तारखा पडल्या. तपासणी येथे सिव्हिल हॉस्पिटलमध्ये झाली. अर्जाप्रमाणे तेलुगू जाणणाऱ्या एक परिचारिका मुद्दाम बोलावल्या होत्या. त्यांनी वडिलांना विचारले की तुमचे घर कुणाचे आहे. वडिलांनी आपल्या आजोबांचे नाव सांगितले, जे साखर पेठेत कधी राहिलेही नव्हते. मग त्यांनी परिचारिकेच्या साडीचा पदर बोटांत धरून पाहिला आणि माल चांगला आहे म्हणाले. मंडळातील डॉक्टर हसले नाहीत, याबद्दल मी त्यांचा आभारी आहे. अहवालात ती दोन्ही उत्तरे जशीच्या तशी लिहिली होती.

तलाठी घरी येऊन गेले. त्यांनी शेड पाहिले आणि औषधांच्या पावत्या चाळल्या. आईला मोठ्याने प्रश्न विचारावे लागत होते, त्यामुळे शेजारच्या तीन घरांना आमचा सगळा हिशेब कळला. ताईने प्रतिज्ञापत्र स्वतः वाचले आणि त्यात एक ओळ घालायला लावली: सहामाही हिशेबाची प्रत तिलाही मिळावी. मला क्षणभर राग आला. विजापूर रोड ताईंचा प्रतिसाद पुन्हा वाचला आणि मग ती ओळ घातली. आदेशातही ती आली आहे.

आदेशाप्रमाणे मी वडिलांचा पालक आहे. नोंदणीकृत मूल्यांककाच्या किमतीखाली घर विकता येत नव्हते. वडिलांचा हिस्सा राष्ट्रीयीकृत बँकेत त्यांच्या नावावर मुदत ठेवीत ठेवायचा, व्याज उपचारांवर खर्च करायचे आणि मुद्दलाला हात लावायचा असेल तर पुन्हा न्यायालयाची परवानगी घ्यायची. दुसरे गिऱ्हाईक ६० लाखांना मिळाले. मूल्यांकन ५८ चे होते. दोन लाख कमी आले म्हणून एजंट अजूनही मला टोमणे मारतो.

वडिलांच्या वतीने मी कार्यालयात जाऊन सही केली. आईच्या सहीसाठी दुय्यम निबंधक जुळे सोलापूरच्या घरी आले. त्यांनी दस्त वाचून दाखवला आणि सर्व समजले का, असे विचारले. आई म्हणाली, आधी पैसे दाखवा. खरेदीदाराने दोन डिमांड ड्राफ्ट काढून समोर ठेवले. आईने चष्मा लावला, दोन्हींवरची नावे बोट ठेवून वाचली, एकावर तिचे आणि दुसऱ्यावर वडिलांचे, आणि माझे नाव कोणत्याच कागदावर नाही याची खात्री करून घेतल्यावर पेन मागितले.